मढच्या बंगल्यातला पूल आणि त्याभोवतीचं लॉन: एका दुरुस्तीचं प्रकरण

तक्रार वासाची होती. मढ बेटावर एरंगळच्या बाजूला एक जुना बंगला आहे. मागच्या अंगणात २६ बाय १३ फुटांचा स्विमिंग पूल आहे. त्याच्याभोवती एप्रिलमध्ये कृत्रिम लॉन अंथरलं गेलं आणि ऑगस्ट उजाडेपर्यंत तिथे खुर्ची टाकून कुणाला बसवेना. कुजलेल्या पाल्यासारखा वास, संध्याकाळी डासांचे थवे, आणि पूलचं पाणी दर आठ-दहा दिवसांनी हिरवट. पूल सांभाळायला येणाऱ्या मुलाला घरच्यांची बोलणी बसत होती, कारण क्लोरीन दुप्पट टाकूनही पाणी स्वच्छ राहत नव्हतं. त्याचा काही दोष नव्हता, हे पुढे कळलंच.

घरात तीन पिढ्या: आजी, काका-काकू, मुलगा-सून आणि दोन नातवंडं. आधी पूलभोवती कोटा फरशी होती. पावसाळ्यात कोट्यावर शेवाळ धरतं, आजींचा पाय एकदा चांगलाच सटकला, तेव्हा काकांनी लॉन घालून घ्यायचं ठरवलं. हेतू अगदी बरोबर होता. ज्यांनी काम केलं त्यांनी मात्र फरशी झाडून घेतली, तिच्यावर गोंद फासला आणि दोन दिवसांत लॉन अंथरून पैसे घेऊन गेले.

आमच्याकडे अशा तक्रारी येतात तेव्हा लोकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: माल हलका निघाला. कधी निघतोही. पण माझं स्पष्ट मत आहे की मुंबईत पूलभोवतीचं लॉन बिघडतं ते बहुतेक वेळा खालच्या पाण्यामुळे. हे प्रकरण सविस्तर लिहितोय ते त्यासाठीच.

उचकटून पाहिलं तेव्हा

पूलच्या उत्तरेकडचा कोपरा आम्ही काकांच्या समोरच उचलला. गोंद पांढुरका, साबणासारखा झाला होता आणि लॉन हाताने सहज निघून आलं. खाली कोट्यावर काळा, बुळबुळीत थर. फरशीच्या सांध्यांतून गांडुळं. लॉनच्या पाठीवरचा लॅटेक्सचा लेप अंगठ्याने दाबला तर भुकटीसारखा सुटत होता. पाठीला पाणी जायला भोकं होती. पण भोकांतून खाली उतरलेलं पाणी पुढे जाणार कुठे? खाली फरशी, तिच्याखाली पीसीसी, म्हणजे साधं काँक्रीट. पाणी तिथेच बसून राहिलं. वर चार महिने माणसं चालली, ओले पाय, आंब्याचा पाला, धूळ सगळं त्यात मुरलं.

मग ढाळ मोजायला लेव्हल ट्यूब, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी लावली. पूलच्या काठापासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत दहा-बारा फुटांत फरशीचा ढाळ पाऊण इंच होता, आणि तो पूलकडे होता. हा पूल ओव्हरफ्लो पद्धतीचा आहे. म्हणजे पाणी काठावरून चारी बाजूंच्या चॅनलमध्ये सांडतं, तिथून बॅलन्सिंग टँकमध्ये, म्हणजे सांडलेलं पाणी जमा करणाऱ्या टाकीत जातं, फिल्टर होऊन परत पूलमध्ये येतं. या चॅनलमध्ये फक्त पूलचंच पाणी जायला हवं, बाहेरचा थेंबही नको. इथे लॉनखाली सडणारं पाणी ढाळाने थेट त्या चॅनलमध्ये उतरत होतं. पूल हिरवा का होतो, क्लोरीन कुठे जातं, याचं उत्तर मिळालं. पाण्यात कुजलेला कचरा असला की क्लोरीन आधी त्यालाच मारण्यात खर्ची पडतं. शेवाळ मारायला काही उरत नाही. वाऱ्यापावसाने लॉनच्या पात्यांमध्ये वजनासाठी भरलेली वाळूही वाहून चॅनलमधून फिल्टरपर्यंत पोचली होती.

डासांचं मूळही तिथेच सापडलं. आधीच्या लोकांनी दिसायला सलग दिसावं म्हणून चॅनलच्या जाळीवरूनच लॉन पुढे नेलं होतं. जाळीखाली एका बाजूला पाणी अडून राहिलं होतं आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. अंडं घातल्यापासून डास उडायला आठवडा-दहा दिवस पुरतात, आणि डेंग्यूचा डास तर वाटीभर स्वच्छ पाण्यावरही भागवतो. घरात लहान मुलं असताना हे पाहून काकू जागच्या जागी खाली बसल्या.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट नजरेस पडली. पश्चिमेकडे साधारण हातभर लांबीच्या पट्ट्यात लॉनची पाती आक्रसून गुंडाळली गेली होती. घरच्यांचा संशय मुलांच्या फुलबाज्यांवर. पण लॉन एप्रिलमध्ये घातलं, दिवाळी अजून यायची होती. खरं कारण वरच्या मजल्यावर होतं: बाल्कनीला नवी परावर्तक काच बसवली होती आणि दुपारनंतर तिच्यावरून उसळलेलं ऊन नेमकं त्याच पट्ट्यावर येत होतं. पात्यांचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिएथिलीन, शंभर-सव्वाशे अंशांच्या आसपास वितळतं, मऊ त्याच्या बरंच आधी पडतं. साध्या उन्हाला ते टिकतं, काचेने एकवटलेल्या उन्हाला टिकत नाही.

पावसाचा हिशेब

काकांचा पहिला प्रश्न होता, हेच लॉन उचलून नीट चिकटवता येणार नाही का? त्यांना कागदावर आकडा काढून दाखवला. लॉनची जागा ९०० चौरस फूट. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, आणि मुंबईत तसे दिवस दर पावसाळ्यात येतात, तर एवढ्या जागेवर साधारण ८,४०० लिटर पाणी पडतं. मोठ्या टँकरला थोडंच कमी. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला; त्या हिशेबाने याच अंगणात ७९ हजार लिटर. त्या दिवसासाठी कुणी अंगण बांधत नाही, पण जून ते सप्टेंबरात जिथे दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे पाण्याला वाट न देता काहीही अंथरणं म्हणजे ते कुजवायलाच ठेवणं.

मढमध्ये आणखी एक अडचण असते. भरती साडेचार मीटरच्या वर असताना जोराचा पाऊस लागला की बाहेरच्या गटारातलं पाणी उतरत नाही, उलट मागे येतं. जमिनीतलं पाणीही पावसाळ्यात वर चढतं. त्यामुळे काकांची दुसरी सूचना आम्ही लगेच नाकारली. ते म्हणाले, "आता काम काढलंच आहे तर पूलही रिकामा करून धुऊन घेऊ." भर पावसाळ्यात जमिनीत पाणी असताना रिकामा केलेला पूल खालच्या दाबाने उचलला जाऊ शकतो, त्याच्या काँक्रीटच्या कवचाला तडा जाऊ शकतो. पूल भरलेलाच ठेवला. जुनं लॉन आणि चॅनलवरचं आवरण तेवढं काढून जाळ्या साफ केल्या आणि बाकीचं काम दिवाळीनंतरवर ढकललं. ओल्या दिवसांत गोंद लावायचा म्हणजे मागचंच पुन्हा करायचं.

काढलेलं लॉन भंगारवाल्याने घेतलं नाही. पाती एका प्लास्टिकची, पाठ दुसऱ्याची, वर लॅटेक्स आणि वाळू. ते वेगळं करत बसणं त्याला परवडत नाही. समुद्र इतका जवळ असताना मला याची काळजी वाटते, आणि ती मी काकांपाशी बोलूनही दाखवली. लॉनमध्ये रबराचे दाणे भरायची सूचना त्यांना कुणीतरी केली होती, तीही म्हणूनच मोडून काढली. युरोपीय संघाने २०२३मध्ये मायक्रोप्लास्टिकबद्दल जो नियम केला, त्यात अशा दाण्यांची विक्री २०३१पर्यंत बंद करायचं ठरलं आहे. ते दाणे तापतात आणि पावसात वाहून सरळ गटारात जातात. तिथून मढची किनारपट्टी किती लांब?

काय ठरलं

सगळीकडे सारखंच लॉन घालायचं नाही, यावर आधी एकमत केलं. आजींचं म्हणणं होतं की थोडी तरी माती उघडी ठेवा. ते फक्त हौसेचं नव्हतं, कामाचं होतं. भिंतीलगत एक पट्टा माती म्हणून राखला. तिथे कर्दळ, अळू, जास्वंद. कर्दळ आणि अळू पाण्यात उभे राहिले तरी तक्रार करत नाहीत.

पूलच्या काठाला, ओव्हरफ्लो चॅनलच्या बाहेर, दीड फुटाची दगडी पट्टी घेतली: फ्लेम फिनिश ग्रॅनाइट, पाय न घसरणारा. पूलमधून निघालेलं ओलं पाऊल आधी दगडावर पडावं, लॉनची सुटलेली पाती पाण्यात जाऊ नयेत, आणि चॅनलची जाळी कायम उघडी, धुता येईल अशी राहावी. पूलच्या अगदी काठापर्यंत हिरवं नेलेले फोटो सुंदर दिसतात. मुंबईत ते टिकताना मी पाहिलेलं नाही.

मग लॉनच्या जागेचे दोन भाग केले. दगडी पट्टीलगतचे पाच फूट तोडायचे नाहीत, कारण त्या पट्ट्याखालून पूलचं पाणी खेचणारे (सक्शनचे) आणि परत आणणारे (रिटर्नचे) पाइप जातात आणि पूलमधल्या १२ व्होल्टच्या दिव्यांची वायर जाते. जुन्या लोकांनी दिव्याचा जंक्शन बॉक्सही लॉनखाली गाडला होता. तो शोधायला अर्धा दिवस गेला. तिथला कोटा फक्त उखडला आणि पीसीसीवर नव्याने ढाळ दिला, पूलपासून बाहेर, ऐंशीला एक. म्हणजे दहा फुटांना दीड इंच.

त्याच्या पलीकडचं पीसीसी मात्र फोडलं. सहा इंच खणून खाली जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड अंथरलं, त्यावर खडीचा चार इंचांचा थर, त्यावर दोन इंच ग्रिट, म्हणजे अगदी बारीक खडी. खडीच्या तळाशी भोकांचा चार इंची पीव्हीसी पाइप, त्यालाही जिओटेक्स्टाइल गुंडाळलेलं. वरचं आणि खालचं दोन्ही पाणी मातीच्या पट्ट्याच्या आधी एका चॅनल ड्रेनमध्ये, तिथून गाळ चेंबरमध्ये, आणि मग पावसाळी पाण्याच्या लाइनला. चेंबरच्या तोंडाशी एकेरी झडप, भरतीचं पाणी उलटं येऊ नये म्हणून. चॅनल ड्रेनची जाळी ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलची. खाऱ्या हवेत ३०४ दर्जाच्या स्टीलवर बारीक गंजाचे ठिपके पडतात. ३१६मध्ये मॉलिब्डेनम असल्याने ते क्लोराइडला जास्त टिकतं.

ग्रिटवरून मिस्त्रींशी थोडा वाद झाला. ते म्हणाले, "साहेब, ग्रिटऐवजी डस्ट टाकू या. फंटी (सपाट करायची पट्टी) मारली की एकदम गुळगुळीत होतं, लॉन बसतं छान." बसतं, खरंच. पण क्रशरच्या डस्टमध्ये पिठासारखी बारीक पूड असते. ती भिजून दाबली गेली की घट्ट बसते आणि पाणी वरच अडतं. मुरूम तर त्याहून वाईट. मिस्त्रींना पटावं म्हणून दोन घमेल्यांच्या तळाला भोकं पाडली, एकात डस्ट आणि दुसऱ्यात सहा मिलिमीटरची ग्रिट धुमसाने ठोकून भरली, आणि दोन्हींवर बादली बादली पाणी ओतलं. ग्रिटमधून पाणी ओततानाच खाली आलं. डस्टच्या घमेल्यात आम्ही चहा पिऊन आलो तरी वर पाणी उभं होतं. पुढे मिस्त्रींनीच आपल्या माणसांना ते समजावून सांगितलं.

लॉनची निवड आणि अंथरणं

बाजारात लॉनचा भाव चौरस फुटाला चाळीस-पन्नास रुपयांपासून शंभर-सव्वाशेच्या पुढेही जातो, आणि दुकानदार आधी पात्याची उंची सांगतो. पूलभोवती उंची हा दुय्यम मुद्दा आहे. ४० किंवा ५० मिलिमीटरची पाती दुकानात गुबगुबीत वाटतात. ओली झाली की आडवी पडतात, केरकचरा धरतात, वाळायला वेळ लावतात. आम्ही २५ मिलिमीटर घेतलं. पाती पॉलिएथिलीनची आणि यूव्ही संरक्षण असलेली, पाठ लॅटेक्सऐवजी पॉलियुरेथेनची. नमुने आणून काही आठवडे पूलच्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवले. पूलमधल्या एक ते तीन पीपीएम (दहा लाखांत एक ते तीन भाग) क्लोरीनने पात्यांना काही होत नाही, ते झालंही नाही. पण लॅटेक्सच्या नमुन्याची पाठ बोटाने खरवडल्यावर सुटायला लागली, पॉलियुरेथेनची तशीच राहिली. काकूंनी तो नमुना स्वतःच्या नखाने खरवडून पाहिला, मगच ऑर्डर दिली. द्रव क्लोरीनचा किंवा आम्लाचा कॅन लॉनवर ठेवायचा नाही, हेही तेव्हाच ठरलं. पातळ केलेलं क्लोरीन आणि कॅनमधलं क्लोरीन यांत फार फरक आहे.

आपल्याकडे कृत्रिम लॉनचे रोल बहुतेक दोन मीटर रुंदीचे येतात, म्हणजे जोड आलेच. जोडाखाली कापडी पट्टी आणि गोंद असतो, आणि तिथून पाणी खाली जात नाही. जोड ढाळाला आडवा आला तर तो छोटा बांधच होतो, त्याच्या मागे पाणी तुंबतं. म्हणून सगळे रोल ढाळाच्या दिशेने, पूलकडून चॅनल ड्रेनकडे टाकले. त्यासाठी कापाकापी आणि वाया जाणारा माल वाढला, काकांनी ते मान्य केलं. पात्यांचा कल सगळ्या रोलमध्ये एकाच बाजूला, नाहीतर एक पट्टा गडद आणि शेजारचा फिका दिसतो.

पाच फुटांच्या पीसीसीच्या पट्ट्यावरही गोंद सगळीकडे फासला नाही. ढाळाच्या दिशेने अंतर ठेवून गोंदाचे पट्टे ओढले, म्हणजे मधल्या मोकळ्या जागेतून पाणी खडीकडे सरकतं. गोंद लावायच्या आधी रात्री पीसीसीवर प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारी बाजूंनी टेपने चिकटवून ठेवायचा आणि सकाळी उचलून पाहायचा. खाली दव धरलेलं असलं तर त्या दिवशी गोंद नाही. नोव्हेंबरातही दोनदा काम थांबवावं लागलं. कामगारांची हजेरी भरावी लागली म्हणून काका कुरकुरले, पण पांढुरक्या गोंदाचा तो जुना तुकडा अजून त्यांच्या गॅरेजमध्ये होता.

वाळू फक्त खडीच्या भागात, चौरस फुटाला साधारण अर्धा किलो, पाती उभी राहावीत आणि लॉनला वजन यावं इतकीच. पूलच्या बाजूच्या पट्ट्यात वाळू नाही. बाल्कनीच्या काचेला बाहेरून चमक कमी करणारी फिल्म लावली.

खर्चाबद्दल एवढंच सांगतो की एकूण बिलात प्रत्यक्ष लॉनचा वाटा एक तृतीयांशाच्या आसपास होता. बाकी सगळं खाली गेलं. मालकांना हे आधीच सांगावं. नंतर सांगितलं तर फसवल्यासारखं वाटतं.

पहिला पावसाळा, आणि मधला मे

मे महिन्यात नातवाने अनवाणी धाव घेतली आणि रडत परत आला. दुपारी मोजलं तर उन्हातल्या लॉनचं तापमान साठ अंशांच्या पुढे होतं. हे कृत्रिम लॉनचं खरं वैगुण्य आहे. खरं गवत पाणी सोडून स्वतःला थंड ठेवतं, प्लास्टिकला ते जमत नाही. पाणी मारलं की थंड होतं, पण थोडाच वेळ, आणि मेमध्ये मुंबईत पाणी असं उडवत बसणं मला मान्य नाही. उपाय सावलीचाच. पश्चिमेकडे ताणून बसवायचं कापड लावलं, पायऱ्यांपासून दगडी पट्टीपर्यंत फिकट रंगाच्या चौकोनी फरश्या पाऊलवाटेसारख्या टाकल्या, आणि दुपारी बारा ते चार मुलांना चप्पल सक्तीची झाली.

जूनमध्ये पाऊस लागल्यावर काका रोज फोन करत. जुलैच्या एका रात्री खूप पाऊस पडला, सकाळी बाहेरचा रस्ता पाण्याखाली होता. अंगणात आदल्या रात्रीचं पाणी चॅनल ड्रेनमध्ये उतरून गेलेलं होतं, झडपेने भरतीचं पाणी बाहेरच थोपवलं होतं. गाळ चेंबरमध्ये मात्र बोटभर चिखल, पाला आणि थोडी वाळू. तो गाळ पावसाळ्यात दर आठवड्याला काढायचा असतो. पहिले काही आठवडे तो आम्ही काढला, आता ते काम पूलवाल्या मुलाकडे आहे आणि त्याचे वेगळे पैसे त्याला मिळतात. पूलचं पाणी त्या मोसमात एकदाही हिरवं झालं नाही, क्लोरीन पूर्वीच्या मापावर आलं. आजी संध्याकाळी काठी न घेता दगडी पट्टीपर्यंत जातात.

एक कोपरा अजून मनासारखा नाही. आंब्याखाली ऊन पोचत नाही, पाला सतत पडतो, आणि तिथे लॉनच्या पात्यांवर हिरवट शेवाळ धरतं. ताठ केसांच्या झाडूने विरुद्ध दिशेला झाडून आणि सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन ते निघतं, पण दोन आठवड्यांत परत येतं. आंब्याची फांदी तोडायचा प्रश्नच नाही. तेव्हा येत्या नोव्हेंबरात त्या कोपऱ्यातलं साठ-सत्तर चौरस फूट लॉन काढून तिथे गोटे पसरायचे ठरले आहेत. खालची खडी आणि पाइप तसेच राहतील. निघालेलं लॉन गुंडाळून गॅरेजमध्ये ठेवायचं. दिवाळीत भुईनळ्याची ठिणगी उडून कुठे भोक पडलं तर त्याच बॅचचा तुकडा ठिगळाला लागेल. नव्या रोलची छटा कधीच तंतोतंत जुळत नाही.